उदबत्तीने लाल होणारं रेडॉनचं यंत्र

आम्ही ठाण्यात वसंत विहारच्या बाजूला, सातव्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात दोन मुलं दारात आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात मोबाइलएवढं यंत्र. "काकू, घरातल्या रेडॉनची तपासणी, फुकट आहे." रेडॉन म्हणजे शाळेतल्या आवर्तसारणीतलं कुठलं तरी नाव, एवढंच मला ठाऊक.

यंत्र ओट्यावर ठेवलं. शेजारी आमटीची फोडणी तडतडत होती. आकडा चढत चढत लाल झाला. "ग्रॅनाइट आहे ना, त्यातून येतो." तेवढ्यात आत सासूबाई खोकल्या. मुलगा काही बोलला नाही, नुसतं तिकडे बघितलं. झालं, मी तिथेच गार.

तरी मोबाइलवर शोधलं बरं का! सगळं खरं निघालं. किरणोत्सारी वायू, रंग नाही, वास नाही, जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो, धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं मोठं कारण. मग काय, 18,500 रुपये यूपीआयने दिले आणि 'रेडॉन शोषक' घरात आला. वर सूचना: खिडक्या बंद ठेवा, नाहीतर यंत्राचा उपयोग नाही.

नऊ दिवसांनी खालचे काका आले. अणुशक्तीनगरात नोकरी केलेला माणूस. शोषकावरही तसाच आकडा दिसायचा, त्याच्याजवळ त्यांनी देवघरातली उदबत्ती धरली. आकडा लाल! "अगं, हे धूर आणि धूळ मोजतंय. रेडॉनला उदबत्तीशी काय देणंघेणं?" खरी मोजणी दोन मिनिटांत होत नाही म्हणाले, घर बंद ठेवून निदान दोन दिवस, नाहीतर उपकरण तीन-तीन महिने टांगून ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरला 100 बेकरेल, म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक. माझ्या यंत्रावर तर एककच नव्हतं. रेडॉन मुख्यतः शिरतो तो जमिनीला टेकलेल्या खोल्यांत, तळघरांत, फरशीच्या भेगांतून. सातव्या मजल्यावर तो पोचणार कितीसा? ओट्याच्या ग्रॅनाइटमधून येतो तोही सहसा नगण्य. आणि त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. मी तर नऊ दिवस खिडक्या लावून सासूबाईंना कोंडून ठेवलं होतं.

खोकं उघडलं तर आत एक पंखा, निळा दिवा आणि स्पंजचा तुकडा.

मुलांचा फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण नऊ दिवस उलटल्यावर. असा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. पैसे आलेले नाहीत. सोसायटीच्या बैठकीत विषय काढला तर सेक्रेटरी हसले, "असलं काही नसतंच हो." काका तिथेच उखडले, वायू खरा आहे, खोटं आहे ते खोकं! पण ऐकतो कोण. आमच्या विंगमध्ये ते यंत्र चार घरांत आहे. तक्रारीवर सही एकट्या माझी.