‘हेड गेलंय’ म्हणून पैसे घेतले, हेड जुनंच निघालं

शहापूरला आमचं साड्यांचं दुकान होतं तेव्हा बाबांनी आन्सरिंग मशीन घेतलं होतं, म्हणजे फोन कोणी उचलला नाही तर निरोप ऐकवून समोरच्याचं बोलणं टेप करणारं यंत्र. दोन कॅसेटचं, एकीत बाबांचा निरोप, दुसरीत गिऱ्हाइकांचे. दुकान मिटलं, बाबा गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे त्या एकाच कॅसेटमध्ये आहे, म्हणून मशीनही जपलंय.

मध्यंतरी आवाज जड, लांबट येऊ लागला. बेळगावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मशीन नेलं; कॅसेट घरीच ठेवली. त्याने झाकण उघडून लगेच सांगितलं, “हेड गेलंय की ओ अण्णा, मुंबईहून मागवायला पाहिजे.” हेड म्हणजे टेपला टेकून तिच्यावरचा आवाज वाचणारा भाग. २,४०० रुपये घेतले. जुनं हेड मागितलं तर म्हणे टाकून दिलं. बिल मागितलं तर जुन्या मालाला बिल नसतं!

घरी कॅसेट लावली. आवाज आता घाईघाईत आणि थरथरत. आई म्हणाली, “ह्यांचं बोलणं असं नव्हतं रे.” ते ऐकून मी मशीन खोललं.

हेडचा कोन कारखान्यात जुळवला की स्क्रू हलू नये म्हणून त्यावर रंगाचा थेंब टाकतात. माझ्या मशीनवरचा लाल थेंब जसाच्या तसा होता, साधा तडाही नाही. तो स्क्रू न फिरवता हेड कसं निघेल? हेडवर टेपची तपकिरी भुकटीसुद्धा तशीच बसलेली. नवा होता फक्त मोटरच्या जोरावर टेप फिरवणारा रबरी बेल्ट. जुना बेल्ट विरघळून मोटरच्या पुलीवर, म्हणजे छोट्या चाकावर, डांबरासारखा चिकटला होता, त्यावरच नवा चढवलेला. पुली अशी जाड झाली की टेप जोरात पळते आणि आवाज थरथरतो. जाब विचारला तर म्हणाला, हेडची वायर बदलली! पैसे परत दिले नाहीत.

एवढं लक्षात ठेवा. आवाज लांबट किंवा डुगडुगता येत असेल, कॅसेट उलटी फिरत नसेल, तर आधी बेल्टवर संशय घ्या. आवाज दबका येत असेल तर बहुतेक वेळा हेड मळलेलं असतं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, वाळू द्या, मगच कॅसेट घाला. खरंच झिजलेल्या हेडवर टेपच्या वाटेत खाच दिसते. दुकानदाराला ती दाखवायला सांगा. मशीन देण्याआधी स्क्रूवरच्या रंगाचा फोटो काढून ठेवा. बिलावर ‘हेड बदलले’ असं लिहून घ्याच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण कागद हातात नसला की आपली बाजू लंगडी पडते.

कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आमच्याकडच्या पावसात टेपला बुरशी लागते, तेव्हा कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, स्पीकरपासून लांब. आणि आवाज मोबाईलवर आजच उतरवून घ्या.