माळेगावच्या यात्रेत एकच रात्र: सर्कस, मौत का कुआँ की तमाशा?

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे-गाढवांचा बाजार दिवसा बघून होतो. पंचाईत होते ती रात्री.

अंगकसरत बघायची असेल, तर सर्कस. पण वाघ-सिंहांच्या आशेनं जाऊ नका. त्यांच्या खेळांवर १९९८ साली सरकारनं बंदी आणली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. आता सगळी सर्कस माणसांच्या अंगावर उभी आहे, आणि मला ती अशीच जास्त आवडते. रिंगणालगतच्या महाग खुर्च्यांचा मोह टाळा. झुल्यावरची कामं तिथून बघताना मान मोडून येते. जरा मागं, बाजूच्या रांगेत बसलं की उडणारा आणि पलीकडे उलटा लटकलेला झेलणारा एकाच नजरेत येतात. हात सुटतो तो क्षण तिथूनच कळतो. शेवटी जाळीत पडणं हेही कसबच. पाठीवर पडावं लागतं, नाहीतर हातपाय जायचे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास सर्कस उभी केली, तेव्हापासून मराठी माणूस हे तिकीट काढून बघतोय.

मौत का कुआँ, म्हणजे फळ्यांच्या गोल विहिरीच्या भिंतीवर गाडी फिरवायचा खेळ, काही मिनिटांत आटपतो. वेगामुळं गाडी उभ्या भिंतीवर दाबली जाते आणि चाकांच्या घर्षणावर तगते. वेग मंदावला की खाली. वरच्या कठड्याशी उभं राहून बघायचं. फळ्या थरथरतात, धूर नाकात जातो. लहान लेकरं नेऊ नका. आणि चालत्या गाडीवरून स्वारानं उचलाव्यात म्हणून लोक नोटा धरतात, ते मला बिलकूल पटत नाही.

तमाशात कोलांट्या नाहीत, तिथं जिभेची कसरत. आधी गण म्हणजे गणपतीचं स्तवन, गवळण म्हणजे कृष्ण-गवळणींचा प्रसंग, बतावणी म्हणजे विनोदी संवाद, आणि मग वग म्हणजे मुख्य नाट्य. वग रंगेपर्यंत मध्यरात्र उलटते, म्हणून पहाटेपर्यंत बसायची तयारी असेल तरच जा. गवळण बघून उठणाऱ्यानं तिकीट न काढलेलं बरं.

बायकालेकरं, म्हातारी माणसं सोबत असतील तर संध्याकाळचा सर्कशीचा खेळ धरा आणि थंडीआधी नांदेड किंवा लोह्याकडे निघा. मित्रमंडळी असेल तर जेवून, अंगावर घोंगडी घेऊन, तमाशाच्या तंबूत.