‘चंद्रकांता’चे पुनर्वाचन : काही महिन्यांच्या सहवासानंतर

इंदूरच्या खजुरी बाजारातून पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीची पाने दिवाळीपूर्वीच सुटी झाली आणि दुकानदाराने वापरलेले पुस्तक बदलून देण्यास साफ नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. चारही भाग एकाच खंडात बसवलेल्या या प्रतीची बांधणी निव्वळ चिकटवलेली आहे, त्यामुळे ती पुरती उघडली की कणा तडकतो. थोडे अधिक पैसे पडले तरी शिवलेल्या बांधणीचीच प्रत घ्यावी, कारण ही कादंबरी एकदा वाचून कपाटात ठेवण्यासारखी नाही.

ही कादंबरी वाचता यावी म्हणून त्या काळी अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगितले जाते. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा इंदुरी वातावरणात वाढलेल्या आमच्यासारख्या मुलांना तो खटाटोप करावा लागला नाही. १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका सुरू झाली आणि रामबागेतल्या आमच्या घरात पुस्तकासाठी भावंडांची ओढाताण होऊ लागली. मालिका डोक्यात ठेवून पुस्तक उघडणाऱ्यांना मात्र सांगायला हवे की मालिकेतला खलनायक क्रूरसिंह जेवढी जागा व्यापतो, तेवढी पुस्तकातला व्यापत नाही.

मोठेपणी वाचताना पहिल्या दोन भागांत मला सर्वांत खटकली ती बेशुद्धीची भुकटी. ऐयार, म्हणजे राजाच्या पदरचा वेषांतरात तरबेज हेर, वेश पालटून येतो, कोणाला काहीतरी हुंगवतो किंवा खाऊ घालतो, शुद्ध हरपलेल्या माणसाची गठडी बांधून पाठीवर टाकतो आणि पुढे कोणीतरी लखलखा हुंगवून त्याला जागे करतो. हे इतक्या वेळा घडते की राजकुमारी चंद्रकांतेचे विजयगढ, तिच्यावर प्रेम करणाऱ्या राजपुत्र वीरेंद्रसिंहाचे नौगढ आणि शत्रूचे चुनारगढ या तिन्ही ठिकाणच्या पहारेकऱ्यांना आधीच्या प्रसंगावरून काही शिकताच येत नसावे, असे वाटू लागते. लहानपणी याच प्रसंगांसाठी मी पाने भराभर उलटत असे. आता तीच युक्ती पुन्हा येताना दिसली की पुस्तक मिटावेसे वाटे.

हे मत तिसऱ्या भागापर्यंत पुरते बदलले. सुरुवातीचे निवेदन मी लहानपणी गाळले होते. त्यात खत्री सांगतात की राजदरबारी ऐयार असत आणि त्यांच्या चातुर्यामुळे रक्त न सांडता लढाया मिटत. पकडलेल्या ऐयाराचा जीव घ्यायचा नाही, त्याला कैदेत ठेवायचे, हा रिवाज कथेतही पाळला जातो. हे लक्षात घेतल्यावर भुकटी ही लेखकाची सोय राहत नाही, ती या कथेतल्या जगाची नीती ठरते. राजपुत्राच्या प्रेमासाठी दोन राज्ये एकमेकांवर उठलेली असताना ज्याला सहज ठार करता आले असते, त्याला केवळ निजवून उचलून नेले जाते, आणि म्हणूनच ही प्रेमकथा शेवटपर्यंत प्रसन्न राहते. १८८८ च्या या कादंबरीत एवढी सौम्यता असावी, याचा मला फार आनंद झाला.

वाचण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडला. सलग वाचल्यास पुनरुक्ती जाचते, तर रोज रात्री एकच ‘बयान’ वाचल्यास तीच लय गोड लागते, कारण प्रकरणे लहान आहेत आणि बहुतेक ऐन अडचणीच्या जागी थांबतात. तिलिस्माची, म्हणजे जादुई रचनेच्या गूढ वास्तूची, वर्णने आजही पकड घेतात. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेऊन खत्री त्या भागात हिंडले होते, हे कळल्यावर त्यांतल्या दऱ्या, गुहा आणि पडके किल्ले अधिकच खरे वाटतात.

कथेत पुढे भेटणारी गूढ वनकन्या म्हणजे चंद्रकांताच, हे आधीच ठाऊक असल्याने तिच्याकडे ओढल्या जाणाऱ्या वीरेंद्रसिंहाची घालमेल या वेळी अधिक करुण वाटली. लहानपणी मला त्याचा केवळ राग आला होता. तरीही माझ्या लेखी या कादंबरीची खरी नायिका चंद्रकांतेची सखी चपलाच आहे. ती स्वतः ऐयारी जाणते, संकटात राजकुमारीच्या आधी स्वतः पुढे होते आणि वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह याच्यावर प्रेम करतानाही आपले काम सोडत नाही. वीरेंद्रसिंहाच्या विरहाला खत्रींनी पानेच्या पाने दिली आहेत. चपला आणि तेजसिंह यांच्या प्रेमाला त्यांनी निदान एखादे संपूर्ण बयान द्यायला हवे होते.