परसातले अंजीर: पुना, दिनकर, डायना आणि ब्राऊन टर्की

चारही झाडांची फळं पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा खाऊन झाली, म्हणून आता लिहिते आहे. एकाच झाडापुरती जागा असेल, तर डोळे मिटून पुना अंजीर लावा.

पुरंदर तालुक्यातल्या बागांमध्ये मुख्यतः हीच जात दिसते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. साल इतकी पातळ की सोलावी लागत नाही. आतला गर गुलाबी-लाल, रसाळ, आणि गोडीमागून येणारा स्वाद बाकी तिघांत मला सापडला नाही. अंजीर तोडल्यावर गोड होत नाही, झाडावरच पिकावं लागतं. बाजारासाठी ते थोडं आधीच उतरवतात, नाहीतर वाटेतच फुटतं. घरी मात्र फळ मान टाकेपर्यंत थांबता येतं. देठ वाकला, साल सैल पडून बारीक भेगा दिसल्या की सकाळीच तोडायचं आणि त्याच दिवशी खायचं.

ही गोडी उन्हाळ्यात पिकणाऱ्या फळांची, म्हणजे मीठ्या बहाराची. पावसात पिकलेलं तेच फळ पाणचट लागतं, फुटतंही लवकर. शिवाय त्या दिवसांत तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. पानांच्या खालच्या बाजूला तांबूस पूड दिसते आणि बघता बघता झाड उघडं पडतं. रोगट पानं गोळा करून नष्ट करते, मोरचूद-चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण फवारते आणि फांद्या विरळ ठेवते. एवढ्याने बराच आळा बसतो.

दौलताबादच्या अंजिरातून निवडलेली दिनकर चवीला पुन्याच्या जवळ जाते, पण माझ्याकडे स्वाद फिका उतरला. डायनाची फळं मोठी, पिवळसर हिरवी. ताजी खायला नुसतीच गोड, पण गर घट्ट असल्याने सुकवायला उत्तम. उन्हाळ्यात गच्चीवर जाळीखाली वाळवलेली फळं घरात सगळ्यांना आवडली.

‘आत किडे असतात ना?’ असं शेजारी हमखास विचारतात. काही अंजिरांत परागीभवनासाठी अंजीरमाशी हा बारीक कीटक फळात शिरतो, पण या जातींना फळ धरायला ती लागतच नाही. मुंग्या मात्र पिकल्या फळाच्या डोळ्यातून, म्हणजे तळाच्या छिद्रातून, आत शिरतात, म्हणून खाण्याआधी प्रत्येक फळ उघडून बघते. बुलबुलांसाठी जाळी लावावीच लागते.

ब्राऊन टर्की अर्ध्या पिंपात आहे. चव मध्यम, पण कुंडीत एवढं समाधानाने फळणारं दुसरं झाड माझ्याकडे नाही. छाटणी मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच करा, चीक अंगावर उडाला की फार खाजतं.