पिल्लाची पाच दिवसांची गॅरंटी

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणलं. नाव मुलीने ठेवलं, तर्री. सकाळी पोहे खाताना तिच्या फ्रॉकवर तर्री सांडली होती आणि पिल्लाचे कान अगदी त्याच रंगाचे निघाले. पोट गोल गरगरीत. आम्हाला ते फार गोंडस वाटलं. ते जंतांनी फुगलं होतं, हे नंतर कळलं.

मोबाइलवर जाहिरात पाहिली होती. 'दोन महिने पूर्ण, व्हॅक्सिन झालेलं, पाच दिवसांची हेल्थ गॅरंटी.' नऊ हजारांतले एक हजार आधी यूपीआयने, बाकीचे रोख. विकणाऱ्याने घरी बोलावलंच नाही. "आई गावाकडच्या फार्मवर आहे, उन्हात इकडे नाही आणत," म्हणाला आणि वर्धा रोडवर गाडीच्या डिकीतून पिल्लू काढून हातात दिलं. सोबत लसीकरणाचं कार्ड, पांढऱ्या पावडरची पुडी आणि गॅरंटीचा छापील कागद. त्या कागदावरची एक ओळ मी वाचली, पण मनावर घेतली नाही: 'आजारी पडल्यास फक्त आमच्या डॉक्टरांकडूनच उपचार, अन्यथा गॅरंटी लागू नाही.'

रविवारी रात्री पातळ शी झाली. सोमवारी सकाळपर्यंत चार वेळा, वर एक उलटी. विकणाऱ्याला फोन केला.

"दूध पाजलं का तुम्ही?"

"हो, थोडंसं. म्हशीचं."

"मंग! तेच तर सांगून राहिलो भाऊ. जागा बदलली, दूध पाजलं, पोट बिघडणारच न. पुडी द्या अन् दहीभात चारा."

या प्रश्नाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण अख्खी फसवणूक त्यावरच उभी आहे. नवीन पिल्लाला दूध पाजत नाही असं घर नागपुरात शोधून सापडणार नाही. त्यामुळे उत्तर 'हो' येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि एकदा 'हो' म्हटलं की चूक आपली होते. मी तर ओशाळलोच. बायको म्हणाली, "मी तुम्हाला सांगत होते, दूध नका देऊ." पुढचे तीन दिवस मी त्याच अपराधी भावनेत काढले. गंमत अशी की त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. दुधाने पिल्लाला जुलाब होतात, खाणं एकदम बदललं तरी होतात. पण तसं असेल तर पिल्लू एक-दोनदा पातळ शी करतं आणि पुन्हा चप्पल चावायला धावतं. तर्री कूलरच्या मागच्या ओल्या फरशीवर जाऊन पडली होती आणि नावाने हाक मारली तरी नुसते डोळे उघडत होती.

सोमवारी संध्याकाळी त्याने 'डॉक्टर' पाठवला. मोटारसायकल, पाठीवर सॅक, गळ्यात स्टेथोस्कोप. ताप बघितला नाही, शी बघितली नाही. मानेच्या कातडीत दोन इंजेक्शनं दिली आणि ८०० रुपये घेतले. बाटलीचं लेबल वाचायला मी पुढे झालो, तर ती मुठीत झाकून म्हणाला, "साहेब, अँटिबायोटिक आहे." पावती मागितली तेव्हा हसला. मंगळवारी पुन्हा ८००. बुधवारी सकाळी शीतून रक्त पडलं आणि अख्ख्या घरात असा वास सुटला की मुलगी नाक दाबून गॅलरीत जाऊन बसली. तेव्हा तो म्हणतो, "गर्मी आहे न, आतडी उतरली. पार्वोचं इंजेक्शन मारून देतो, पंधराशे लागतील." तोवर आम्ही पार्वो हा शब्दच ऐकला नव्हता; पिल्लांच्या आतड्यांना होणारा तो जीवघेणा विषाणूचा आजार, हे नंतर कळलं. दिले पंधराशे.

त्याच रात्री खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांनी पूर्वी दोन कुत्री सांभाळलेली. तर्रीच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती चट्दिशी खाली बसायला हवी होती. तंबूसारखी उभीच राहिली. "अहो, पाणी संपलंय हिच्या अंगातलं. उद्या उजाडताच सेमिनरी हिल्सला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जा. तो काय डॉक्टर म्हणायचा!"

गुरुवारी सकाळी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी ताप पाहिला, मग कापसाच्या काडीने शीचा नमुना घेऊन किटवर थेंब टाकले. दहा मिनिटांत दोन रेघा. पार्वो.

मग त्यांनी कार्ड मागितलं. ते हातात घेऊन त्या आधी काहीच बोलल्या नाहीत, नुसती नखाने स्टिकरची कड उचलली. लसीच्या कुपीवरचं स्टिकर सोलून कार्डावर लावतात, त्याला मागून स्वतःचाच चिकटा असतो. हे गोंदाने चिकटवलेलं होतं, कडेला गोंद वाळून पिवळा पडला होता. त्यावरची मुदत संपल्याचा महिना फेब्रुवारी, आणि शेजारी पेनने लिहिलेली लस टोचल्याची तारीख एप्रिलमधली. डॉक्टरची सही होती, पण नोंदणी क्रमांक नव्हता. मग त्यांनी तर्रीचा ओठ वर करून मला आत बघायला लावलं. पुढचे इवलेसे दात आले होते, मागच्या दाढा अजून हिरडीतच. "दोन महिन्यांची नाही ही. पाच आठवड्यांची असेल फार तर. हिच्या वयाला लसीची वेळच आलेली नाही." पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांची होईपर्यंत. एक टोचून काम संपत नाही, त्यामुळे जाहिरातीतलं 'व्हॅक्सिन झालेलं' तसंही अर्धवटच होतं.

मी विचारलं, "मी पाजलेल्या दुधाने झालं का हे?"

"दुधाने पार्वो होत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. शनिवारी आणलं, रविवारी जुलाब. ती आजार घेऊनच आली."

पंधराशेच्या इंजेक्शनाबद्दल विचारलं. म्हणाल्या, "पार्वो मारणारं इंजेक्शन आमच्याकडेही नाही. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि वाट बघायची. सोमवारी आणली असती तर बरं झालं असतं."

हे शेवटचं वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं. गॅरंटीचा कागद काढून पुन्हा वाचला. शनिवार संध्याकाळ ते गुरुवार संध्याकाळ. त्या मोटारसायकलवाल्याचं काम पिल्लू बरं करायचं नव्हतंच, आम्हाला पाच दिवस घरात बसवून ठेवायचं होतं. किटचा फोटो विकणाऱ्याला पाठवला, तर दोन मिनिटांत उत्तर: 'तुम्ही बाहेरच्या डॉक्टरला दाखवलं, गॅरंटी कॅन्सल.'

पुढचे सहा दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन. ऑफिसातून अर्ध्या रजा, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तर्री, पुढच्या पायाला चिकटपट्टी. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून पाणी प्यायलं, तेव्हा बायको तिथेच बाकावर बसून रडली. घरी फिनाइल चालत नाही असं सांगितल्यामुळे ब्लीचचं पाणी करून फरशी पुसतो, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. हा विषाणू घरात-अंगणात महिनोन्महिने तग धरतो. म्हणून काकूंची नात तिचं नवीन पिल्लू आमच्याकडे आणणार होती, तिला सध्या नाही म्हटलं आहे.

दोन गोष्टी मला आधी माहीत असत्या तर फार बरं झालं असतं. २०१७च्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मी क्रमांक मागितला असता तर सौदा तिथेच डिकीपाशी संपला असता. आणि प्राण्यांच्या डॉक्टरलाही पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते, १९८४चा कायदाच आहे. महाराष्ट्राची परिषद तर आपल्या नागपुरातच आहे. तिथे आणि पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे अर्ज दिला आहे. सोबत यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट आणि कार्डाची झेरॉक्स. रोख दिलेल्या आठ हजारांचा पुरावा काहीच नाही.

अर्ज दिल्याचं त्याला कुठून कळलं देव जाणे. मागच्या आठवड्यात फोन आला, आवाज एकदम मवाळ. "भाऊ, जाऊ द्या न आता. तुमचं पिल्लू तर वाचलं. दोन हजार वापस करतो, फक्त ते कार्ड तेवढं देऊन द्या."

कार्ड मी दिलेलं नाही.