पहिला पेपर कुठे पाठवू? सिंगल ब्लाइंड, डबल ब्लाइंड की ओपन रिव्ह्यू

जर्नल निवडताना सगळे इम्पॅक्ट फॅक्टर बघतात (त्यातल्या पेपर्सचा संदर्भ इतर लोक सरासरी किती वेळा देतात तो आकडा), रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या दुसऱ्या संशोधकांकडून पेपरची तपासणी, कसा होतो ते कुणी बघत नाही, आणि मग तेच नडतं.

सायन्समधल्या बऱ्याच जर्नल्समध्ये सिंगल ब्लाइंड चालतं, म्हणजे रिव्ह्यूअरला तुमचं नाव, कॉलेज, गाइड सगळं दिसतं आणि तो कोण ते तुम्हाला कळत नाही. तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही हे खरं, पण २०२२ मध्ये पीएनएएस या अमेरिकन जर्नलमध्ये आलेला एक प्रयोग ऐका. फायनान्सचा एकच पेपर शेकडो लोकांकडे रिव्ह्यूला दिला, काहींना लेखक म्हणून नोबेलवाले व्हर्नन स्मिथ दाखवले, काहींना त्यांचा नवखा सहलेखक, काहींना कुणाचंच नाव नाही. रिजेक्ट करा म्हणणारे किती? स्मिथ यांचं नाव होतं तिथे २३ टक्के, बिननावाला ४८, आणि नवख्याला ६५! पेपर तोच हां, एक अक्षर बदललेलं नाही.

म्हणून गाइडचं नाव मोठं नसेल आणि कॉलेज तालुक्याच्या गावातलं असेल तर मी सरळ डबल ब्लाइंड सांगेन, म्हणजे रिव्ह्यूअरलाही तुमचं नाव दिसत नाही. सोशल सायन्सवाल्यांना हे नवीन नाही, नेचरनेही २०१५ पासून हा ऑप्शन दिलाय. फक्त नाव लपवणं वाटतं तितकं सोपं नाही, 'आम्ही आधी दाखवल्याप्रमाणे' लिहून पुढे स्वतःचाच संदर्भ दिला की झालं, आणि प्रीप्रिंट (रिव्ह्यूआधीचा पेपर) आधीच ऑनलाइन टाकलेला असेल तर टायटल गुगल करायला कितीसा वेळ लागतो.

ओपन रिव्ह्यू म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळंच काहीतरी. बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये १९९९ पासून लेखकाला रिव्ह्यूअरचं नाव कळतं, आणि रिसर्च पेपर छापला की रिव्ह्यूही सोबत ऑनलाइन येतात. एफ१००० रिसर्चमध्ये मात्र पेपर आधी ऑनलाइन येतो आणि रिव्ह्यू नंतर, नावानिशी, सगळ्यांसमोर. दोघांनी 'अप्रूव्ह्ड' दिलं, किंवा एकाने अप्रूव्ह्ड आणि दोघांनी 'विथ रिझर्व्हेशन्स' (चालेल, पण सुधारणा करा), की मग पबमेडसारख्या पेपर्सच्या ऑनलाइन सूचीत जातो. घाई असेल तर बरंय, पण फी भरावी लागते आणि 'नॉट अप्रूव्ह्ड' आलं तर तो शिक्काही जगासमोर तसाच राहतो. ईलाइफ या बायॉलॉजीच्या जर्नलने तर २०२३ पासून रिव्ह्यूनंतरचं ॲक्सेप्ट-रिजेक्टच बंद केलं. मला स्वतःला ही कल्पना जाम आवडते, पण त्यापायी त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला, आणि तुमच्या युनिव्हर्सिटीला तो आकडाच हवा असेल तर काय करणार? यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, तीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता कुठलं जर्नल चालतं ते पीएचडी सेलमध्ये विचारा, जमलं तर लेखी घ्या.

आणि डबल ब्लाइंडला पाठवताय ना, तर आभार, ग्रँट नंबर काढा आणि वर्डमध्ये इन्स्पेक्ट डॉक्युमेंट करून फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नाव पण पुसा. मी पुसलं नव्हतं, रिव्ह्यूला जायच्या आधीच पेपर परत आला.