क्वीनची 'ग्रेटेस्ट हिट्स' एलपी: गाणी एक नंबर, पण शेवटच्या पंगतीचे हाल

मागच्या महिन्यात कामासाठी मुंबईला गेलो होतो, परतीच्या गाडीला दोन तास होते म्हणून जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात घुसलो आणि अभंगांच्या रेकॉर्डच्या गठ्ठ्याखाली ही एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, सापडली. क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडची ग्रेटेस्ट हिट्स, १९८१, कव्हरवर लॉर्ड स्नोडनने काढलेला चौघांचा फोटो. दुकानदार म्हणाला २०००, मी म्हटलं १२००, तो म्हणाला साहेब इंग्लंडचा माल आहे, शेवटी १५०० वर मिटलं. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न हाच विचारला की ही गाणी तुझ्या फोनवर नाहीत का. आहेत. तरी घेतली.

आम्ही मूळचे वाईचे. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी वयाच्या आठव्या वर्षी, १९५५ च्या सुमारास, झांझिबारहून बोर्डिंगला आला. तेव्हा तो फारुख बुलसारा. पियानो तिथेच शिकला, हेक्टिक्स नावाचा पोरांचा बँडही तिथलाच. आमच्या आईला रॉक म्हणजे काय ते ढिम्म कळत नाही पण रेकॉर्ड लावली की विचारते, "तो पाचगणीच्या शाळेतला पारशाचा मुलगा ना रे? जरा हळू लाव." एवढा गावचा अभिमान पुरे, आता मुद्द्यावर.

कॉलेजात असताना होस्टेलवर याच गाण्यांची एक कॅसेट होती, कुणीतरी कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतलेली, आणि आम्ही काय करायचो तर बोहेमियन ऱ्हॅप्सडी ऐकायची मग फास्ट फॉरवर्ड करून थेट वी विल रॉक यू, टेबलं बडवायची, वॉर्डन आला की बंद. बाकीची पंधरा गाणी आम्ही कधी धड ऐकलीच नाहीत हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी, सुई उचलायचा कंटाळा केल्यामुळे कळलं. रेकॉर्डचा हाच फायदा आहे बघा, एकदा बूड टेकलं की अख्खी बाजू ऐकावी लागते.

आणि मग लक्षात येतं की यातली दोन गाणी एका जातीची नाहीत. पहिलं बोहेमियन ऱ्हॅप्सडी, सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असलेलं १९७५ चं ते प्रकरण, त्यात ऑपेरा काय, बिस्मिल्ला काय, आवाजावर आवाज इतके चढवले की टेप घासून आरपार दिसायला लागली असं बँडवाले सांगतात. ते संपतं न संपतं तोच अनदर वन बाइट्स द डस्ट, नुसता बेस आणि टाळ्या, सरळ डिस्को. पुढे किलर क्वीन, पंचाहत्तरच्याही आधीचं, कसं नाजूक, कपबशीत चहा ओतल्यासारखं. समबडी टू लव्हमधला कोरस मी इतकी वर्षं चर्चमधली वीसपंचवीस माणसं समजत होतो, तर ते फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर हे तिघंच, थरावर थर रेकॉर्ड केलेले. हैला.

गाणी कुणी कुणी लिहिली ते लेबलवर बसून मोजलं (रविवार होता, लाइट पण गेलेली). सतरापैकी दहा फ्रेडीची, पाच ब्रायनची, दोन बेसवाल्या जॉन डीकनची, आणि ड्रमवाल्या रॉजरला शून्य! बोहेमियनमधले ते सगळ्यात वर जाणारे किंचाळे त्याचेच, पण लेखक म्हणून भोपळा. त्याचं रेडिओ गा गा आलं १९८४ ला, म्हणजे ते ग्रेटेस्ट हिट्सच्या दुसऱ्या भागात. डीकन हा गप्प गडी, त्याने दोनच दिली पण एक तो डिस्को आणि दुसरं यू आर माय बेस्ट फ्रेंड, बायकोसाठी लिहिलेलं, ज्यातला तो इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला आवडत नव्हता म्हणून डीकनने स्वतःच वाजवला. आमच्या घरात सध्या हेच गाणं चालतं. कारण उघड आहे.

फ्लॅश मात्र इथे का आहे कळत नाही, सिनेमासाठी केलेलं, सिनेमातच ठीक. आणि अंडर प्रेशर हे त्यांचं गाणं इंग्लंडच्या या आवृत्तीत नाही, अमेरिकेच्या आवृत्तीत होतं, त्यामुळे ते शोधत बसू नका.

आता तक्रार, आणि ती खरी तक्रार आहे. एका एलपीच्या एका बाजूला साधारण वीसेक मिनिटं असतील तर आवाज कसा मोकळा येतो. इथे दोन्ही बाजू मिळून ५८ मिनिटं कोंबलीत, म्हणजे बाजूला जवळपास २९. एवढं बसवायचं तर खाचा बारीक आणि जवळजवळ काढाव्या लागतात, मग आवाजच कमी ठेवावा लागतो, मग आपण घरी व्हॉल्यूम वाढवणार आणि सोबत चरचरही वाढणार. त्यात रेकॉर्ड फिरते एकाच वेगाने पण मधल्या लेबलाजवळ घेर लहान, तेवढ्याच वेळात सुईखालून कमी खाच सरकते, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यांचा आवाज फाटायला लागतो. आणि बी बाजूच्या शेवटी कोण बसलंय? वी विल रॉक यू आणि वी आर द चॅम्पियन्स! म्हणजे ज्यांच्यासाठी पाव्हणे आले त्यांनाच शेवटच्या पंगतीला बसवलं आणि जिलबी संपली.

वी विल रॉक यूचं जास्त वाईट वाटतं. त्यात ड्रम नाहीतच, फळ्यांवर आपटलेले पाय आणि टाळ्या, आणि ब्रायन मे फिजिक्सवाला (पुढे २००७ ला खगोलशास्त्रात पीएचडी पण पूर्ण केली त्याने) म्हणून त्याने त्या आवाजाच्या प्रती मूळ संख्यांच्या हिशोबाने मागेपुढे सरकवल्या, की घुमल्यासारखं न वाटता हजारो माणसं एकत्र पाय आपटतायत असं वाटावं. हे सगळं सीडीवर छातीत बसतं. माझ्या एलपीवर शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी मसाला कुटतंय.

माझ्या प्रतीला प्ले द गेमवर एक ओरखडापण आहे, दर फेरीला टक, टक. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला जुना माल परत घेत नाही, आणि खरं तर पाटी तशी होतीच, मीच वाचली नाही.

तर, गाण्यांना पाचपैकी पाच, फ्लॅश धरून साडेचार. या एकट्या एलपीला तीन. नुसतं ऐकायचंच असेल तर सीडी घ्या, स्वस्त पडते आणि शेवटपर्यंत दम टिकतो. रेकॉर्डच हवी असेल तर २०१६ च्या सुमारास हीच सतरा गाणी दोन एलपींवर मोकळी पसरून काढलेली आवृत्ती आलीये, ती महाग आहे पण पैसे कुठे गेले ते कळतं. आणि माझ्यासारखी जुनीच घेणार असाल तर दुकानात बी बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा, कारण ए बाजूचं पहिलं सगळेच लावून दाखवतात.